भीती उतरली तेव्हा

बनुबाईनं घरातली विळी कडब्याच्या गंजीत नेऊन लपवली, तेव्हा तिचा मानसिंग तीन महिन्यांचा होता.

त्या सकाळी घरातली झाडून सगळी माणसं ऊसतोडीला गेली होती. इस्लामपूरपासून कोसभरावर त्यांचं गाव. कारखान्याची तोड आली की घरात म्हातारं माणूससुद्धा बसत नसे. बनुबाईनं पोराला वाकळेवर निजवलं, शेजारीच विळी मांडली आणि दुधी भोपळा चिरायला घेतला. पोरगं जागंच होतं. हातपाय नाचवत आढ्याकडं बघून हसत होतं. तिनं कौतुकानं त्याच्याकडं बघितलं, त्याच्या गळ्याच्या मऊ वळ्या बघितल्या, आणि कुठून कसं कोण जाणे, एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढं ते चित्र उभं राहिलं. ती विळी, तो गळा आणि आपलेच हात.

अर्धा भोपळा हातातून सुटून घरंगळत गेला. विळी उचलून ती परड्यात पळाली आणि गंजीत कोपरापर्यंत हात खुपसून ती आत दडवून आली. परत आली तर पोरगं तसंच हसत होतं. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची तिची छाती होईना. दुपारी जाऊ शेतातनं परत येईपर्यंत ती बाहेरच उभी राहिली. पोर रडून रडून निळं पडायची वेळ आली, तरी आत गेली नाही.

"अगं बने, कान फुटलं का तुझं?" मनुबाईनं डोईवरची पाटी टाकली आणि आधी पोराला उचललं. "लेकरू टाचा घासतंय आन तू भाईर हुबी?"

"आक्का, तुमीच घ्या त्याला," बनुबाई म्हणाली. "मला कसंतरीच हुतंय."

मनुबाई थोरली जाऊ. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण कूस उजवली नव्हती. त्याचा सल तिच्या मनात असेल तर तो तिनं कधी कुणाला दाखवला नाही. मानसिंग जन्मला तेव्हा पहिली घुटी तिनंच दिली होती. तिनं पोराला पदराखाली घेतलं, थोपटलं, आणि ते गप झालं.

त्या दिवसापासून बनुबाईचं आयुष्य उलटंपालटं झालं. चित्र एकदा आलं ते गेलं असतं तर तिनं वाईट स्वप्न म्हणून सोडून दिलं असतं. पण ते दिवसातनं पन्नासदा यायला लागलं. विळी नसेल तर कोयता, कोयता नसेल तर पाण्याची घागर, तीही नसेल तर नुसती उशी. ती मनातल्या मनात खंडोबाचं नाव घ्यायची, सात वेळा, मोडलं की परत पहिल्यापासून सात वेळा. पोर निजलं की त्याच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघायची, आणि बोट धरलं की तेच बोट आता काय करील या भीतीनं झटकन मागं घ्यायची. कुणाला सांगायची सोय नव्हती. मनात आहे तोवर मनात आहे, तोंडातनं बाहेर पडलं तर खरं होईल, असं तिला वाटायचं. आणि सांगणार तरी काय? कुठल्या आईला असलं सुचतं?

नवरा सयाजी पलटणीत होता, सीमेवर कुठंतरी. पत्र यायला तीन आठवडे लागायचे. सासूबाई साळूबाईंनी आधी दृष्ट काढली, मग देवऋषी आणला. त्यानं लिंबू कापलं आणि बाहेरची बाधा सांगितली. बनुबाईनं अंगारा लावून घेतला, उपास केले. चित्र काही हटलं नाही. ती पोराला पाजायला घ्यायची ते मनुबाई समोर बसली तरच. मनुबाई पाण्याला उठली की तिला घाम फुटायचा.

एका दुपारी मनुबाई नदीवरनं धुणं घेऊन आली, तर बनुबाई भिंतीला टेकून बसलेली. पोर मांडीवर पीत होतं, आणि तिचे दोन्ही हात पदरानं मनगटाशी करकचून बांधलेले होते. गाठ दातानं मारली होती.

मनुबाईनं धुण्याचा पिळा खाली ठेवला. आधी पोर उचलून घेतलं, मग गाठ सोडली. मनगटांवर काळेनिळे वळ उठले होते.

"बने," ती म्हणाली, "तू म्हायेरला जा. चार दिस इसावा घे. मी हाय हितं."

वैशाखात बनुबाईचे वडील केरबा न्यायला आले. सगळं गाव दारात जमलं होतं. सहा महिन्यांचं पोर मनुबाईच्या कडेवर होतं, आणि बनुबाईनं त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. मुका घेतला नाही, गालावरनं बोट फिरवलं नाही. गाडीत चढून ती समोर बैलांच्या शिंगांकडं बघत बसली. बाया म्हणाल्या, दगडाच्या काळजाची बाई. ती जिवाच्या आकांतानं हात मांड्यांखाली दाबून बसली होती, हे कुणाला दिसलं नाही. आपण गेलो तर पोर जगेल, एवढा एकच हिशेब तिच्या डोक्यात होता.

चार दिवसांची सहा वर्षं झाली.

माहेर लोणंदच्या अलीकडं, कोरडवाहू गाव. बाजरी, हुलगा आणि विहिरीला पाणी असलं तर कांदा. कांदाकाढणीला बाया हातात विळा घेऊन पाती कापायला बसायच्या. बनुबाई विळ्याला शिवायची नाही. ती दिवसभर पाट्या वाहायची, दुप्पट ओझं उचलायची, म्हणून कुणी बोलायचं नाही. भाऊ ज्ञानूला तीन पोरं होती. त्यांच्या वाऱ्यालासुद्धा ती उभी राहायची नाही, पण संध्याकाळी दिवा लागला की भावजयीला विचारायची, "पोरं बरी हायत न्हवं?" ती व्हय म्हणायची. जेवताना परत विचारायची. अंथरूण घालताना परत.

"आगं आक्के, तुज्या डोळ्यांदेखत जेवली की!" ज्ञानू कधी हसून, कधी करवादून म्हणायचा. व्हय म्हटलं की तिचा जीव घटकाभर थंड व्हायचा. मग घटका सरायची.

ज्ञानूनं तिला साताऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मज्जातंतूंचा अशक्तपणा सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. ती झोपायची, आणि उठली की चित्र उशाशी बसलेलंच असायचं.

सयाजी दर वर्षी रजेवर यायचा. आधी गावाकडं, आणि परतीच्या वाटेवर दोन दिवस लोणंदला उतरायचा. ओसरीवर बसून चहा प्यायचा. काय बोलावं ते दोघांनाही कळत नसे. एकदा त्यानं पोराचा फोटो आणला. टोपी घातलेला, मनुबाईच्या मांडीवर बसलेला मानसिंग. बनुबाईनं तो हातात घेतला आणि लगेच उपडा करून ठेवला.

"आई म्हंती, दुसरं लगीन कर," एका रजेत सयाजी म्हणाला.

"करा की," ती म्हणाली. "मी आडवी येनार न्हाई."

त्यानं केलं नाही. का केलं नाही, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

पंच्याहत्तर सालाच्या शेवटी सयाजीचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पुण्याच्या लष्करी इस्पितळात महिनाभर पडून होता. तिथल्या एका मेजर डॉक्टरांनी घरच्यांची चौकशी केली. सयाजी कुणाला न सांगितलेलं त्यांना सांगून बसला. बायको पोराला शिवत नाही, विळीला शिवत नाही, भांडण नाही, तंटा नाही, आणि दिवसातनं शंभर वेळा विचारते पोरं बरी आहेत ना. मेजरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे वेड नव्हे," ते म्हणाले. "आणि गोळ्यांनीही हे हलायचं नाही. याला एक नवी रीत निघालीय, सरावाची. सांगलीला राजमतीबाई पाटील म्हणून आहेत. बंगलोरला शिकून आल्यात. त्यांच्याकडं घेऊन जा."

सयाजी आजारपणाच्या रजेवर थेट लोणंदला उतरला. बनुबाई जायला तयार नव्हती. शेवटी तो म्हणाला, "माझ्यासाटी न्हाई. पोरासाटी चल."

सांगलीला विश्रामबागेच्या पुढं राजमतीबाईंचं घर होतं, पुढं दवाखाना, मागं बिऱ्हाड. बाई चाळिशीच्या आतबाहेर, सुती नऊवारी नसली तरी तितकीच साधी पाचवारी, कपाळाला बारीक कुंकू. त्यांनी सयाजीला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि बनुबाईला विचारलं, "डोक्यात काय येतं?"

बनुबाई फरशीकडं बघत राहिली.

"बरं. तुम्हाला बोलवत नसेल तर मी बोलते. चुकलं तर मान हलवा." बाई शांतपणे म्हणाल्या. "धार असलेलं काहीतरी. विळी, सुरी. आणि समोर लेकरू. आपलंच."

बनुबाई खुर्चीतनं घसरून जमिनीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून हंबरल्यासारखी रडली. सहा वर्षांत ती रडली नव्हती. राजमतीबाईही खाली येऊन तिच्याशेजारी बसल्या. पाठीवर हात ठेवला नाही, नुसत्या बसून राहिल्या.

"बाई, मी हाय का वो तसली?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"हे बघा, एकदाच सांगते, आणि मग पुन्हा कधी सांगणार नाही. हा एक आजार आहे. याला माणसाच्या मनातलं सगळ्यात प्रिय जे असतं ते बरोबर सापडतं, आणि तिथंच तो चावतो. तुमच्यासारख्या आया मी पाहिल्यात. ज्यांना असा विचार येऊन घाम फुटतो, त्या पोराला दुखवणाऱ्या नसतात. झालं. आता तुम्ही मला उद्या हेच विचाराल, परवा विचाराल. मी उत्तर देणार नाही."

"का?"

"कारण उत्तर मिळालं की भीती घटकाभर निजते आणि दुप्पट भुकेली होऊन उठते. सहा वर्षं तिला तुम्ही उत्तरांचा घास भरवलाय."

मग त्यांनी रीत समजावली. ज्याला भ्यायचं त्याच्यासमोरच बसायचं, रोज, थोडं थोडं. पळायचं नाही, देवाचं नाव मोजायचं नाही, हात बांधायचे नाहीत, कुणाला विचारायचं नाही. भीती चढेल, फार चढेल. "पण पूर आला म्हणून कृष्णामाई कायम घाटाच्या वरच्या पायरीवर बसून राहत नाही. उतरतेच. तुम्ही आजवर पूर चढतानाच पळालात, म्हणून उतरताना कधी पाहिलाच नाही."

सयाजीला हे सगळं बनुबाईनंच सांगायचं, ही त्यांची पहिली अट होती. दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली बसून तिनं ते सांगितलं, त्याच्याकडं न बघता, एकेक शब्द दगडासारखा उचलून. त्याला उमगायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "मला वाटायचं, मी आवडत न्हाई तुला."

"काय बोलताय!"

"मग काय वाटावं मानसाला? सा वर्सं." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. "मला एक पत्र टाकायचं हुतंस गं."

दोघांनी गावभागात ओळखीच्या एका घरात खोली घेतली. रोज सकाळी दवाखाना. पहिल्या आठवड्यात डोक्यातलं ते चित्र नुसतं एका वाक्यात मोठ्यानं म्हणायचं होतं, अर्धा तास, परत परत. पहिल्या दिवशी तिला उलटी झाली.

"सोळा आण्यातली भीती किती आणे?" राजमतीबाई विचारायच्या.

"सोळा. सतरा."

"बसा. अजून म्हणा."

तासाभरानं विचारायच्या. चौदा. मग बारा. आठव्या दिवशी तेच वाक्य म्हणता म्हणता बनुबाईला जांभई आली आणि ती स्वतःच दचकली.

दुसऱ्या आठवड्यात विळी. आधी खोलीच्या कोपऱ्यात, मग हातभर अंतरावर, मग तिच्यावर बसून भेंडी चिरायची. रात्री ती उशाशी ठेवूनच झोपायचं. सयाजीचं कामही सोपं नव्हतं. बनुबाई विचारायची, "मी झोपंत कुनाला काय केलं न्हाई न्हवं?" आणि त्यानं म्हणायचं होतं, "मला ठावं न्हाई." चार दिवस त्यानं निभावलं. पाचव्या पहाटे तिची ती कळकळ बघून त्याच्या तोंडातनं निघून गेलं, "आगं न्हाई केलंस काय, झोप."

सकाळी बनुबाईनंच हे दवाखान्यात सांगितलं. राजमतीबाई त्याच्यावर बरसल्या.

"तुम्हाला वाटलं माया केलीत?"

"बाई, बघवत न्हाई," सयाजी म्हणाला. युद्ध बघून आलेला माणूस तो.

"न बघवणारंच करायचंय. तिलाही आणि तुम्हालाही."

पाचव्या आठवड्यात एका सकाळी बनुबाई आली, तर दवाखान्याच्या आतल्या खोलीत सतरंजीवर विळी मांडलेली होती, शेजारी दोन दोडके, आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला एक दोन वर्षांची पोर लाकडी बाहुलीला निजवत होती.

"ही माझी धाकटी, चंदनबाला," राजमतीबाई म्हणाल्या. "बसा. दोडका चिरा."

बनुबाई दारातच थिजली. "नगं बाई. तुमच्या पाया पडते. दुसरं काय बी सांगा."

राजमतीबाई स्वतः विळीवर बसल्या, अर्धा दोडका चिरला आणि उठल्या. जागा रिकामी केली. बनुबाई बसली. पहिली फोड पडली, दुसरी पडली. चित्र आलं, लखलखीत आलं, सहा वर्षांपूर्वी आलं होतं तसंच. तेवढ्यात राजमतीबाई दाराकडं गेल्या.

"कुठं निघालात?" बनुबाई ओरडलीच.

"चहा टाकते," बाई म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

त्या खोलीतला तो अर्धा तास बनुबाईनं पुढं कुणालाही नीट सांगितला नाही. छाती फुटायला आली होती. पळायला दार होतं, कडीसुद्धा घातलेली नव्हती. पोर उठून तिच्याजवळ आली, तिच्या गुडघ्यावर हात टेकला आणि फोडींच्या ताटलीत बघायला लागली. बनुबाईनं खंडोबाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. हात मांडीखाली घेतला नाही. दोडक्याची फोड केली. अजून एक केली. पोरीनं एक फोड उचलून बाहुलीला भरवली. भीती वर चढली, अजून चढली, तिथंच थबकली, आणि मग, बाईंनी सांगितलं होतं तशी, पायरी पायरीनं उतरायला लागली.

चहा घेऊन बाई आत आल्या तेव्हा दोन्ही दोडके चिरून झाले होते. चंदनबाला बनुबाईच्या मांडीवर बसली होती.

"किती आणे?"

"चार," बनुबाई म्हणाली. आणि मग तिला एकदम काय सुचलं कोण जाणे, तिनं मोठ्यानं हंबरडा फोडला. पोर घाबरून आईकडं पळाली.

"काय झालं?" राजमतीबाईंनी विचारलं. "परत चित्र?"

"चित्र न्हवं वो." तिला श्वास पुरत नव्हता. "एवढंच हुतं? पाच आटवडं? बाई, पाच आटवड्यांचं काम हुतं, आन माजी सा वर्सं..."

राजमतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना यावर रीत माहीत नव्हती.

मे महिन्यात दोघं गावाला गेली. निघताना बाईंनी सांगितलं होतं, विचार परत येतील, आले तर येऊ द्या, पळू नका. बनुबाईनं मान डोलावली. तिला आता विचारांची फिकीर नव्हती.

मानसिंग साडेसहा वर्षांचा झाला होता. दुसरीत गेला होता. पुढचे दोन दात पडलेले, ढोपरं फुटलेली. ती दारात उभी राहिली तेव्हा तो सोप्यात बसून शेंगा फोडत होता. तिनं खाली बसून हात पसरले. सहा वर्षं ज्या हातांना ती भ्याली ते हात आता थरथरत नव्हते.

पोरानं एकदा तिच्याकडं बघितलं, शेंगा टाकल्या आणि आत पळाला. "आई," आतनं त्याचा आवाज आला, "लोणंदची काकी आली."

मनुबाई पदराला हात पुसत बाहेर आली. मनुबाईचे केस कानशिलावर पांढरे झाले होते. तिनं पुढं होऊन बनुबाईच्या तोंडावरनं हात फिरवला, बोटं मोडली. "बरी झालीस गं माजी बाय," ती म्हणाली आणि रडली. ते रडणं खरं होतं. पण त्या रडण्यात भीती होती, आणि बनुबाईला भीती ओळखायला आता शिकवावं लागत नव्हतं.

पोराला बेळगावला न्यायचं ठरलं. सयाजीची तिथं बदली होऊन कुटुंबासकट राहायला खोल्या मिळाल्या होत्या. साळूबाई म्हणाल्या, ज्याचं त्यानं न्यावं, त्यात वंगाळ काय. मनुबाईचा नवरा हंबीरराव त्या दिवसापासून रानातच जेवायला लागला. मनुबाईनं पोराची कापडं घडी करून ट्रंकेत भरली. बनुबाई त्याला जेवायला वाढायची, तो पुढ्यातलं ताट घेऊन मनुबाईजवळ जाऊन बसायचा. ती केसांना तेल लावायला गेली की डोकं काढून घ्यायचा. हट्ट नाही, दांडगाई नाही. परक्या बाईशी वागावं तसा सभ्यपणानं वागायचा. गावातली पोरं त्याला चिडवायची की तुझी खरी आई लोणंदची हाय, म्हणून त्याला ते ऐकून माहीत होतं. पण आई म्हटलं की त्याचे डोळे मनुबाईकडंच वळायचे.

चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. औषध दिलं, उतरला, ट्रंकेकडं नजर गेली की परत चढला. तापात तो मनुबाईचं बोट सोडत नव्हता, आणि ती अवघडलेल्या पायांनी दिवसभर त्याच्याजवळ बसून होती.

"आक्का," बनुबाई म्हणाली, "तुमी उटा, मी बसते."

मनुबाई उठली नाही. पोराच्या कपाळावरची पट्टी बदलत, मान खाली घालून म्हणाली, "घे म्हनालीस तवा घेतला, बने. आता दे म्हंतीस. देते. तुजाच हाय. पर मी कुटल्या डाक्टराकडं जाऊ, ती तेवडं सांग."

बनुबाई आतल्या खोलीत गेली, ट्रंक उघडली आणि त्यातले पोराचे सदरे, चड्ड्या, पाटी, सगळं काढून परत खुंट्यांवर आणि फडताळात लावून ठेवलं. सयाजी दारात येऊन बघत उभा होता.

"सुट्टीत ईल," ती म्हणाली.

"इचार केलास का नीट?"

"व्हय."

निघायच्या दिवशी तो बरा होता. एस.टी. यायच्या आधी तिनं त्याला शोधलं, तर नदीकडं म्हशी धुवायला गेलेल्यांबरोबर तोही गेला होता. कुणी मुद्दाम पाठवला नव्हता. ती आज निघणार, हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

बेळगावला अठ्ठ्याहत्तर साली बनुबाईला मुलगी झाली. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी चित्र आलं, ठरल्यासारखं. तिनं पोरगी खाली ठेवली नाही. बस म्हणाली, आलंस तर बस, आणि पाजत राहिली. दुपारपर्यंत ते कंटाळून गेलं. पुढंही येई अधूनमधून, लांबच्या ओळखीच्या माणसानं रस्त्यात दिसावं तसं. तिनं सांगलीला बाईंना पत्र लिहून कळवलं. बाईंचं उलट टपाली उत्तर आलं, दोनच ओळींचं, पण त्या खूश झाल्याचं कळत होतं.

मानसिंग उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचा. ऐंशी साल उजाडायच्या आधीच्या मे महिन्यात आला, तेव्हा साडेनऊ वर्षांचा होता. तिला काकी म्हणायचं त्यानं सोडून दिलं होतं. आता त्याला समजत होतं. पण आई हा शब्दही त्याच्या तोंडातनं निघत नव्हता. तिच्याशी बोलायचं असलं की तो घराला वळसा घालून तिच्या समोर येऊन उभा राहायचा, तिचं लक्ष जाईपर्यंत थांबायचा, आणि मग बोलायचा. हाक मारायची वेळ तो येऊच देत नसे.

एका सकाळी ती धाकटीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. तांब्यानं पाणी ओतायचं, हाताआड चेहरा झाकायचा, मान चोळायची, गळ्याच्या वळ्या धुवायच्या. मानसिंग न्हाणीच्या दारात उभा राहून बघत होता. बराच वेळ बघत होता.

"मला पन असंच घालायचीस?" त्यानं विचारलं.

तिचा तांब्या थांबला. खोटं बोलता आलं असतं. "न्हाई रं," ती म्हणाली. "तुला आक्कानं घातलं. तुज्या आईनं."

"हां," तो म्हणाला. धाकटीच्या पायाचा अंगठा धरून हलवला आणि बाहेर खेळायला गेला.

दुपारी त्यानं सयाजीकडनं एक कार्ड मागून घेतलं. पाटावर ठेवून, जीभ दातांत धरून, सगळं लिहून काढलं आणि पेटीत टाकायला बनुबाईच्या हातात दिलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. बाहेरच्या पायरीवर बसून तिनं ते वाचलं.

तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. इथं आंबे पुष्कळ आहेत. बाळ आता बसतं. तू औषध घेत जा. म्हशीला खाजवत जा. इथं सर्वजण खुशाल आहेत. मी लवकर येतो.

त्या सर्वजणात आपण कुठंतरी आहोत, एवढं तिनं दोनदा वाचून पक्कं केलं. मग चपला घालून, धाकटीला कडेवर घेऊन, ऊन उतरायची वाट न बघता ती चौकातल्या पेटीकडं निघाली. पाच वाजता टपाल उचलायचे.